तीन मिनिटांची नऊवारी

कॅसेटच्या टेपचा वेग ठरलेला असतो, सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. महागडा जपानी डेक असो की कोपऱ्यावरच्या दुकानातला साधा टू-इन-वन, वेग हाच. हा एक आकडा हाताशी असला की गाणी चक्क टेपने मोजता येतात. तीन मिनिटांचं गाणं म्हणजे १८० सेकंद, म्हणजेच ८ मीटर ५७ सेंटिमीटर टेप. नऊवारी लुगडं असतं नऊ वार, ८ मीटर २३ सेंटिमीटर. आपण कॅसेटवर ऐकलेलं प्रत्येक छोटं गाणं एका नऊवारीएवढं लांब होतं!

हे गणित मी आईला सांगितलं तेव्हा तिने लगेच विचारलं, "मग ती एवढ्याशा डबीत मावायची कशी?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. टेपची रुंदी ३.८१ मिलिमीटर, साधारण ज्वारीच्या दाण्याएवढी, आणि त्यातलीही अर्धीच एका बाजूच्या गाण्यांना मिळते. उरलेल्या अर्ध्यावर बी साइडची गाणी उलट्या दिशेने असतात. जाडी तर मिलिमीटरच्या साठाव्या भागाइतकी. आपला केस याच्या चौपट तरी जाड भरेल. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये अशी जवळजवळ ८६ मीटर टेप असते, दहा नऊवाऱ्या एकापुढे एक जोडल्यावर होतील त्याहूनही जास्त. कॅसेटच्या आतल्या चाकावर तिचे सात-आठशे वेढे बसतात.

सात-आठशे वेढे हा आकडा माझ्या मनगटाला पाठ आहे. सेल महाग होते. ते मंदावले की उन्हात ठेवून पुन्हा घालायचे, आणि उरलेला जीव गाण्यासाठी राखायचा. टेप मागे न्यायला मोटर वापरायची नाही, असा आमच्या घरचा नियमच होता. कॅसेटच्या दातेरी भोकात षट्कोनी पेन्सिल घट्ट बसते. ती घालायची आणि कॅसेट गोफणीसारखी गरगर फिरवायची. दुपारच्या शांततेत तिचा खुळखुळ आवाज बाहेरच्या खोलीपर्यंत जायचा. एका बाजूची टेप पूर्ण मागे न्यायला माझ्या हाताचे सात-आठशे फेरे होत. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची टेप आणखी पातळ, म्हणून ती रोलरमध्ये गुंतायची भीतीही जास्त. आमच्या कॅसेटवाल्याचं त्यावर एकच सांगणं असे, "साठचीच घ्या, जास्त टिकेल."

या डबीचं माप खिशावरून ठरलं होतं. फिलिप्स कंपनीतले अभियंते लू ओटेन्स यांनी आपल्या कोटाच्या खिशात मावेल असा लाकडाचा ठोकळा कापून घेतला आणि सगळं त्यात बसवायचं ठरवलं. १९६३ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात ती कॅसेट जगापुढे आली. १९७९ मध्ये सोनीचा वॉकमन आला आणि गाणं ऐकणाऱ्याबरोबर चालायला लागलं. आमच्या पिढीच्या वाट्याला आलं नाझिया हसनचं १९८१ मधलं 'डिस्को दीवाने' आणि पुढे १९९५ मधलं अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया'. शिवाय 'बोनी एम', 'आबा' आणि मायकेल जॅक्सन होतेच. १ नोव्हेंबर १९९६ ला जॅक्सन अंधेरीच्या क्रीडा संकुलात गायला, आणि ज्यांना तिकीट परवडलं नाही त्यांनी त्या रात्री 'थ्रिलर'ची कॅसेट वाजवली. मीही त्यातलाच.

आणि कॅसेट भरून घेणं! वहीच्या कागदावर गाण्यांची यादी करायची, कोरी कॅसेट द्यायची आणि चार दिवसांनी भरलेली घेऊन यायची. एका बाजूला तीस मिनिटं, म्हणजे सात किंवा आठ गाणी. शेवटी दोन मिनिटं उरली तर काय घालायचं, यावर आम्हा भावंडांची तासभर चर्चा चालायची. पुढे ती कॅसेट मित्राकडे, त्याच्याकडून त्याच्या मामेबहिणीकडे जायची आणि दिवाळीनंतर परत यायची. परत आलेल्या कॅसेटच्या कागदावर कुणीतरी एका गाण्यासमोर पेनाने चांदणी काढलेली असे. त्या चांदणीचा आनंद मला आजही आठवतो.

घरातल्या शोकेसमध्ये कॅसेटी किती आहेत ते मी मागच्या दिवाळीत मोजलं. २५५ भरल्या. प्रत्येक सरासरी तासाभराची धरली तर टेपची लांबी होते जवळजवळ २१.८ किलोमीटर. शिवडीहून न्हावाशेवाला जाणारा अटल सेतू तेवढाच आहे, २१.८ किलोमीटर. तो पूल आमच्या टीव्हीखालच्या दोन फळ्यांवर मावला होता.

आता हेच जरा मोठ्या मापाने पाहा. 'आशिकी'सारख्या चित्रपटाच्या कॅसेटी नव्वदच्या दशकात कोटींच्या हिशोबात खपल्याचं सांगितलं जातं. तासाभराच्या फक्त एक कोटी कॅसेटी धरल्या, तर टेप होते साडेआठ लाख किलोमीटर. चंद्र सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. चंद्रावर जाऊन, परत येऊन, पृथ्वीला दोन प्रदक्षिणा घातल्या तरी टेप उरेल.

पण मला खरं चकित केलं ते व्हीसीआरने. भाड्याने आणलेला व्हीसीआर, चाळीतली वीस-पंचवीस माणसं, एका रात्रीत तीन पिक्चर. तीन तासांच्या पिक्चरमध्ये व्हीएचएस कॅसेटची टेप पुढे सरकते जेमतेम अडीचशे मीटर, कारण आपल्याकडच्या पद्धतीत तिचा वेग सेकंदाला अवघा २३.४ मिलिमीटर. चित्राला लागणारी माहिती एवढ्या हळू चालीत वाचता येत नाही. म्हणून आतला ६२ मिलिमीटर व्यासाचा चकचकीत तिरपा ड्रम मिनिटाला १,५०० फेरे घेतो, आणि त्यावरची दोन हेड टेपवर तिरक्या रेघा वाचत सुटतात. एका फेऱ्यात एक चित्र, सेकंदाला पंचवीस चित्रं. ड्रमच्या काठावरचं हेड सेकंदाला ४.८७ मीटर धावतं. तीन तासांत ते ५२ किलोमीटरच्या वर जातं, म्हणजे व्हीटीहून निघून जवळजवळ कल्याण. टेप गल्लीच्या तोंडापर्यंतही पोचत नाही, तेवढ्यात हेड कल्याणला! आणि तीन पिक्चर झाले की १५८ किलोमीटर. पहाट होऊन आम्ही डोळे चोळत उठायचो, तोवर हेड घाट चढून लोणावळ्याच्याही पुढे, तळेगावाच्या आसपास पोचलेलं असायचं.

पॉज केलं की चित्र का थरथरायचं, हेही यातूनच कळतं. टेप थांबते, पण ड्रम थांबत नाही. तो सेकंदाला पंचवीस वेळा त्याच तेवढ्याशा जागेवरून घासत राहतो. पाच मिनिटांत साडेसात हजार फेरे होतात. म्हणूनच कितीतरी व्हीसीआर थोड्या वेळाने आपणहून पॉज सोडून द्यायचे. मशीन टेपचा जीव वाचवत होतं, आम्हाला मात्र ते बिघडलंय असं वाटायचं.

थिएटरमधलं रीळ या मानाने सरळ हिशोबाचं. फुटाला सोळा चित्रं, सेकंदाला चोवीस, म्हणजे मिनिटाला नव्वद फूट. पिक्चर सुरू होताना सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावर रिळांची संख्या आणि लांबी मीटरमध्ये दिसायची, आणि थिएटरात कुणीतरी हमखास ओरडायचं, "सोळा रिळं!" 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे' १८९ मिनिटांचा. त्यात २ लाख ७२ हजार १६० चित्रं आणि ५.१८ किलोमीटर फिल्म. चर्चगेट ते मुंबई सेंट्रल हे रेल्वेचं अंतर याहून थोडं कमीच आहे, आणि हा पिक्चर मुक्कामाला राहिला तो मुंबई सेंट्रलच्याच मराठा मंदिरात. २० ऑक्टोबर १९९५ ला लागला आणि डिसेंबर २०१४ मध्ये त्याने तिथे १,००० आठवडे पूर्ण केले. दिवसाला एकच खेळ धरला तर ७,००० खेळ, ३६ हजार किलोमीटरच्या वर फिल्म. मध्ये रिळं जाऊन डिजिटल आलं, पण माप रिळाचंच ठेवलं तर २०१६ च्या डिसेंबरात पिक्चरमधले राज आणि सिमरन विषुववृत्ताची ४०,०७५ किलोमीटरची पूर्ण फेरी मारून आले.

योगायोग असा की गाण्यांच्या सीडीवरची सर्पिल वाटही साधारण या पिक्चरच्या फिल्मएवढीच, ५.३ किलोमीटर. ती १२ सेंटिमीटरच्या चकतीवर वीस हजार वेढे घेऊन बसलेली असते, आणि केसाच्या जाडीत तिचे चाळीसेक वेढे मावतात. पेट्यांमधून डोक्यावर वाहून न्यायची रिळं आणि पंधरा ग्रॅमची सीडी, लांबी एकच. फोनची तर गोष्टच निराळी. १२८ जीबीच्या फोनमध्ये साध्या दर्जाची तीन-तीन मिनिटांची ४४ हजार गाणी बसतात. त्यांना कॅसेटी लागल्या असत्या २,२००, आणि टेप १८८ किलोमीटर. मुंबईहून पुणे स्टेशन रेल्वेने साधारण तेवढ्यावरच आहे.

पण आमच्या त्या २५५ मधल्या अकरा कॅसेटींवरचा आवाज कुठल्याच फोनमध्ये नाही. आजोबांनी म्हटलेली आरती, बहिणीच्या बारशातला गोंधळ, मागे कुकरची शिट्टी. टेपवरचा चुंबकीय थर दमट हवेत सुटत जातो, कोकणातल्या पावसाळ्यात त्यावर बुरशीची पांढरी रेघ धरते. तुमच्याही माळ्यावर अशी एखादी डबी असेलच. ती कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, आणि बाजारातली गाणी राहू देत, आधी घरातले आवाज घ्या. टेप आजही सेकंदाला ४.७६ सेंटिमीटरच चालते, त्यामुळे तासाची कॅसेट उतरवायला तासच लागतो. आमच्या अकरांपैकी चार झाल्या आहेत.