अभयाचे अंतर

अमेरिकेतील सिॲटल शहरात श्वान-प्रशिक्षणाची एक शाळा निघाली आणि तिला नाव देण्यात आले ‘अहिंसा’. ती काढणाऱ्या ग्रीशा स्टुअर्ट या मूळच्या गणिताच्या अभ्यासक. महाविद्यालयात त्यांनी गणित शिकविले होते. पुढे त्या कुत्र्यांच्या शिक्षणाकडे वळल्या आणि या क्षेत्रात त्यांचे नाव झाले ते मुख्यतः एका अवघड कुत्र्यामुळे. त्याचे नाव पीनट, म्हणजे आपल्या भाषेत शेंगदाणा!

कुत्र्याच्या शाळेला हे नाव कशासाठी, हे समजण्यास जैन वाचकाला वेगळे प्रयास पडू नयेत. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. बांधून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे, शक्तीबाहेर ओझे लादणे, अन्नपाणी तोडणे. ही यादी वाचताना डोळ्यांपुढे प्रथम येतो तो दावणीचा मुका जीवच. श्वान-प्रशिक्षणाचा पाश्चात्त्य इतिहासही यांतील पहिल्या दोन अतिचारांनी भरलेला आहे. जर्मन पोलीस दलातील कोनराड मोस्ट यांनी १९१० साली या विषयावर जे पुस्तक लिहिले, त्यात आज्ञापालनासाठी काटेरी गळपट्टा आणि चाबूक यांना स्थान होते. गळा आवळणारी साखळी तर आजही बाजारात उघडपणे विकली जाते.

पीनटला माणसांची भीती होती. अशा कुत्र्याचे दुःख बहुधा कोणाच्या ध्यानी येत नाही, कारण ते रडत नाही, भुंकते. दात दाखविते, अंगावर धावून जाते. पाहणारा म्हणतो, कुत्रे माजले आहे. धनी शरमून दोरीला हिसका देतो. त्या हिसक्याने कुत्र्याला एवढेच कळते की, परका माणूस दिसला की गळा दुखतो. भय दुणावते. मार वाढला तर कुत्रे कधी गप्प होते खरे; परंतु भय आतच राहते आणि पुढच्या वेळी ते सूचना न देता चावते.

स्टुअर्ट यांनी २००९ च्या सुमारास पीनटसाठी जी पद्धत बसविली, तिच्या मुळाशी एक साधा प्रश्न आहे: भुंकून या जीवाला हवे तरी काय असते? उत्तर असे की, त्याला अंतर हवे असते. समोरचे माणूस दूर जावे, नाही तर आपण दूर जावे, एवढीच त्याची मागणी असते. मग तेच अंतर त्याला भुंकण्यापूर्वी, शांतपणाच्या मोबदल्यात का देऊ नये? भीतीचा विषय पुष्कळ लांब ठेवावयाचा, इतका लांब की कुत्र्याला तो दिसावा पण त्याचा जीव घाबरा होऊ नये. त्याने मान वळविली, जमीन हुंगली, अंग झटकले की ती त्याची सभ्य भाषा समजावयाची आणि त्याला लगेच मागे फिरू द्यावयाचे. येथे बक्षीस खाऊचे असलेच पाहिजे असे नाही. सुटका हेच बक्षीस. (कुत्र्याच्या खाण्यात काय असावे, हा अनेक जैन घरांतला अवघड प्रश्न आहे. तो या पद्धतीने सुटत नाही, पण शिकवणीपुरता थोडा हलका होतो.)

आपल्या शास्त्रांत आहार, भय, मैथुन आणि परिग्रह या चार संज्ञा सांगितल्या आहेत. पंचेंद्रिय, मन असलेल्या तिर्यंचाला भय असते, हे आपल्याला कोणत्याही प्रयोगशाळेने सांगावयास नको होते. यज्ञस्थानी मार खाऊन मरणोन्मुख झालेल्या कुत्र्याच्या कानी जीवंधरकुमाराने णमोकार मंत्र सांगितला आणि तो यक्षयोनीत जन्मला, ही कथा किती मंदिरांत सांगितली जाते! आणि तीच कथा ऐकून घरी परतणारा श्रावक कधीकधी दारातल्या कुत्र्यावर काठी उगारतो.

रस्त्यावरून उचलून आणलेले पिल्लू वाढविणाऱ्या आपल्याकडील कुटुंबांना या पद्धतीतून घेण्यासारखे बरेच आहे. पाहुणे आले की त्याला ओढत बैठकीत आणून ‘ओळख’ करून देण्याची घाई नको. मुलांनी त्याच्या डोक्यावर वरून हात नेऊ नये. ते पलंगाखाली गेले तर तेथून त्याला बाहेर काढू नये. ती त्याची जागा आहे. चावण्याचा प्रसंग एकदा घडला असेल, तर मात्र घरगुती प्रयोगांवर विसंबू नये. प्रथम पशुवैद्याला दाखवावे, कारण पुष्कळदा चिडण्यामागे शरीराचे दुखणे असते. नंतर जाणत्या प्रशिक्षकाकडे जावे आणि तो साखळी वापरतो काय, हे आधीच विचारून घ्यावे.

स्टुअर्ट यांच्याविषयी आणखी एक गोष्ट नोंदविण्याजोगी आहे. पद्धत गाजली, तिच्यावरील पुस्तक शिक्षकांच्या हाती पोहोचले, तरी त्या तेथे थांबल्या नाहीत. आरंभीच्या पद्धतीत माणूसच कुत्र्याला भीतीच्या विषयाकडे नेत असे. २०१६ च्या सुधारित पुस्तकात त्यांनी हा भाग बदलला. आता सुमारे १५ फुटांची सैल दोरी असते, मोकळे मैदान असते आणि वाट कुत्रे निवडते. माणूस त्याच्या मागून चालतो. ते थांबले की थांबतो.