गरोदर सुनेला दिलासा हवा

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली आणि अनेक गरोदर मुलींचे माहेर अचानक दूर गेले. पहिले बाळंतपण अम्मीकडे, हा आपल्याकडचा रिवाज. पण जिल्हा ओलांडायला पास लागत होता. सतवासा राहिला, दवाखान्यात जायची धास्ती होती आणि कमावत्यांचे काम थांबलेले.

आमच्या मोहल्ल्यातील एक मुलगी त्या दिवसांत रात्र रात्र जागी असे. जेवण तुटले होते. विचारले की म्हणे, "काही नाही, आपा." घरचे सांगत, "सब्र कर, अल्लाहवर भरवसा ठेव." ते प्रेमानेच सांगत, पण तिला वाटू लागले की आपले ईमानच कमजोर आहे. ती अधिकच गप्प झाली.

अशा वेळी सूरह मरियम आठवावी. प्रसूतीच्या कळांनी व्याकूळ झालेल्या हजरत मरियम (अ.) यांच्या तोंडून, याआधीच मरण आले असते तर बरे, असे उद्गार निघाले. त्यावर त्यांना दोष दिला गेला नाही. दुःख करू नकोस, असा दिलासा मिळाला. पायाशी पाण्याचा झरा आणि खायला ताजे खजूर मिळाले. म्हणजे दुःख होणे हे ईमान कमी असल्याचे लक्षण नव्हे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात सुमारे १० टक्के गरोदर आणि १३ टक्के नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांना मानसिक आजार होतो. त्यात नैराश्य मुख्य. दोन आठवडे सतत उदासी, झोप-भूक उडणे, कशातच मन न लागणे, असे दिसले तर डॉक्टरांना सांगावे. जगणे नको वाटते, असे ती बोलली तर एक दिवसही थांबू नये, तिला एकटे सोडू नये.

त्या मुलीची नणंद रोज दुपारी कामे स्वतःकडे घेऊन तिला अम्मीशी निवांत बोलू देऊ लागली. रमजान आला तेव्हा सासूबाईंनीच सांगितले, "तुझ्या किंवा बाळाच्या तब्येतीला धोका असेल तर रोजे नंतर पूर्ण करता येतात." आशाताईंनी तपासणीची तारीख चुकू दिली नाही. हळूहळू ती बोलू लागली.

आता सरकारची 'टेली-मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते. फोन लावायला संकोच वाटत असेल, तर नवऱ्याने शेजारी बसून लावून द्यावा. दुआ तर करावीच. सोबत तिच्या हातातले कामही घ्यावे.