दोष पडद्यात की दृष्टीत?

“संगणकाचा पडदा हल्ली पिवळट दिसतो,” अशी तक्रार घरातील ज्येष्ठांनी केली, की कोणीतरी लगेच त्याचे रंग बदलून देते. परंतु रंग जुळवण्यापूर्वी पडदा मुळात निर्दोष आहे ना, हे पाहणे अगत्याचे असते. ही तपासणी घरच्या घरी करता येते आणि कधी कधी तीच नेत्रविकाराची पहिली सूचना ठरते.

प्रथम बंद पडदा मऊ, कोरड्या फडक्याने पुसावा. नंतर तो सुरू करून अर्धा तास तसाच ठेवावा, म्हणजे त्याचा उजेड स्थिरावतो. ‘नाइट लाइट’ची सोय बंद करावी, पिवळेपणाचे कारण पुष्कळदा एवढेच असते. खिडकीचा उजेड पडद्यावर पडू देऊ नये आणि अगदी समोर बसावे, कारण तिरके पाहिल्यास रंग बदलतात.

आता काळे, पांढरे, लाल, हिरवे व निळे चित्र एकेक करून पडदाभर उघडावे. ठिपके किंवा डाग दिसतात का, ते पाहावे. नजर फिरवली तरी ठिपका जागच्या जागी राहिला, तर तो पडद्यावरचा. नजरेबरोबर सरकला, तर तो डोळ्यातला. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या करड्या पट्ट्याही वेगवेगळ्या दिसल्या पाहिजेत.

मग नेहमीचा चष्मा लावून आळीपाळीने एकेक डोळा झाकावा. एकाच डोळ्याला पांढरे पिवळसर दिसत असेल, तर पडद्याला बोल लावू नये. मोतीबिंदूत डोळ्यातील भिंग पिवळसर होऊ शकते. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांनाही हा त्रास होता. 1923 मध्ये त्यांच्या उजव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली. सरळ रेघा पडद्यावर वाकड्या दिसल्या आणि दाराची चौकटही तशीच दिसली, तर दृष्टिपटलाच्या मध्यभागी बिघाड असू शकतो. नेत्रतज्ज्ञांकडे जाण्यास विलंब करू नये. अचानक पुष्कळ ठिपके किंवा प्रकाशाच्या चमका दिसू लागल्यास त्याच दिवशी जावे.

पडदा आणि डोळे दोन्ही तपासल्यावरच रंग जुळवावेत. शुभ्र रंगासाठी 6500 केल्विन हे प्रचलित प्रमाण आहे. ज्येष्ठांची शुश्रूषा करणाऱ्यांनी एवढे ध्यानी ठेवावे: पिवळे दिसते म्हणून पडदा निळसर करून दिला, तर तक्रार थांबेल, विकार मात्र आत वाढतच राहील.