ट्रोलची जखम आणि एका मशालीचे गणित

असा एक प्रसंग डोळ्यांपुढे आणा. दगडी पुलाखालून एक हिरवट, लांब हातांचा राक्षस बाहेर येतो. तुम्ही तिघे योद्धे तलवारी उपसून त्याच्यावर तुटून पडता. वार बसतात, जखमा होतात. पण पाहता पाहता त्या जखमा आपोआप मिटू लागतात! आता काय करायचे?

हा प्रसंग घडतो तो टेबलाभोवती, कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ प्रसिद्ध केला. यात प्रत्येक खेळाडू एकेका पात्राची भूमिका घेतो आणि एकजण सूत्रधार होतो. राक्षस सूत्रधाराच्या ताब्यात असतात आणि त्यांची माहिती तो लपवून ठेवतो. माहिती लपवणारा पंच ही कल्पना मात्र बरीच जुनी आहे. प्रशियाच्या राइसविट्झ या अधिकाऱ्याने १८२४ साली लष्करासाठी जो युद्धखेळ प्रसिद्ध केला, त्यातही सेनापतीला प्रत्यक्ष रणांगणावर जेवढे दिसले असते तेवढेच पंच सांगत असे.

आपला पुलाखालचा राक्षस म्हणजे या खेळातला ट्रोल. त्याच्या जखमा भरून येण्याची कल्पना पोल अँडरसन या लेखकाच्या १९६१ सालच्या एका कादंबरीवरून आली. खेळाच्या २०१४ सालच्या आवृत्तीत त्याचे आकडे असे आहेत: संरक्षणांक १५, प्राणांक ८४. (ही मराठी नावे आपण सोयीसाठी ठेवू.) वार करताना वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात आपल्या कौशल्याचा अंक मिळवायचा, बेरीज संरक्षणांकाइतकी किंवा जास्त आली की वार लागला. वाराने होणारे नुकसान प्राणांकांतून वजा होते. ट्रोलची पाळी आली की सुरुवातीलाच त्याचे १० प्राणांक भरून येतात. मात्र आधीच्या फेरीत त्याला आगीने किंवा आम्लाने इजा झाली असेल, तर त्या वेळी ते भरत नाहीत.

आता हिशेब करू. नवशिक्या योद्ध्याच्या कौशल्याचे ५ धरा. फाशावर १० किंवा अधिक पडले तर वार लागेल. म्हणजे २० पैकी ११ वेळा, शेकडा ५५. तलवारीच्या एका वाराने सरासरी साडेसात प्राणांक जातात. (फाशावर नेमके २० पडले तर नुकसान वाढते, ते सध्या सोडून देऊ.) तेव्हा एक योद्धा एका फेरीत सरासरी ४.१ आणि तिघे मिळून सुमारे १२.४ प्राणांक घेतात. त्यातले १० ट्रोल परत मिळवतो! उरले २.४. या गतीने ८४ प्राणांक संपायला सुमारे ३५ फेऱ्या लागतील. इकडे ट्रोलचे एका फेरीतले तिन्ही फटके एकाच योद्ध्याला लागले, तर सरासरी २९ प्राणांक जातात, आणि नवशिक्या योद्ध्याजवळ असतात बारा-तेरा. पस्तीस फेऱ्या कोण टिकणार?

आता एकाने तलवार टाकून पेटती मशाल घेतली असे समजा. मशालीच्या फटक्याने जातो अवघा १ प्राणांक. तुम्ही म्हणाल, हा तर वेडेपणा झाला. पण मशाल शंभरात ५५ वेळा लागते असे धरले, तर तितक्या वेळा ट्रोलचे १० प्राणांक भरायचे राहतात. म्हणजे त्याची कमाई सरासरी साडेचारवर येते. दोन तलवारींचे ८.२५ आणि मशालीचे ०.५५, त्यातून ४.५ वजा केले तर उरतात ४.३. फेऱ्या सुमारे २०! शिवाय प्राणांक शून्यावर आले तरी आग किंवा आम्ल नसेल तर ट्रोल मरतच नाही, पुन्हा उठतो. दोघांनी मशाली घेतल्या तर आणखी बरे होईल का? हिशेब करून पाहा. फेऱ्या २६ च्या आसपास जातात, कारण मारायला एकच तलवार उरते.

प्रत्येक वेळी पुस्तकातले आकडे माहीत असावे लागतात असे नाही. ओगर नावाचा धिप्पाड, मठ्ठ राक्षस समोर आला, तर शरीरावर चालणारा मंत्र टाकायचा की मनावर? रूप पाहूनच तुम्ही मनावर म्हणाल, आणि ते बरोबर ठरते. १३ ही मर्यादा असलेला नवशिक्याचा मंत्र ओगरच्या मनावर शंभरात ७० वेळा चालतो. शरीरबळाने तोंड द्यायचे असेल तर ४५ वेळाच.

येथे एक भांडण मात्र नेहमी उभे राहते. पुस्तक वाचलेला खेळाडू पहिल्याच फेरीत ओरडतो, “आग लावा!” त्याचे पात्र तर खेड्यातला पोर, त्याने ट्रोल कधी पाहिलेला नाही. शेजारी बसलेल्या नव्या खेळाडूला जे कोडे स्वतः सोडवायचे होते ते गेले. काही ठिकाणी असे बोलायला बंदी असते. पण माहीत असून वेड पांघरणे, मुद्दाम आधी काठीने मारून पाहणे, हेही मला कंटाळवाणे वाटते. सूत्रधाराने खूण द्यावी हे बरे: सगळ्या जखमा मिटल्या, पण मशाल घासली तेथला काळा डाग तसाच राहिला. ज्याचे लक्ष असेल त्याला तेवढे पुरते. शिवाय सूत्रधाराला राक्षस बदलण्याची मुभा असते. त्याच्या पुलाखालचा ट्रोल आगीऐवजी थंडीला भीत असेल, तर पाठ केलेले पुस्तक फसवते आणि पाहणारा तरतो.

लपवलेला संरक्षणांकही पाहून काढता येतो. वीस बाजूंचा फासा नसेल तर १ ते २० अंकांच्या चिठ्ठ्या डब्यात घाला. मित्राने १० ते २० मधला एक आकडा मनात धरावा. तुम्ही चिठ्ठी काढा, तीत ५ मिळवा; त्याने फक्त ‘लागला’ किंवा ‘चुकला’ म्हणावे. चिठ्ठी परत डब्यात टाका. चुकलेली सर्वांत मोठी बेरीज आणि लागलेली सर्वांत लहान बेरीज लिहून ठेवा. १३ चुकले, १६ लागले, तर आकडा १४, १५ किंवा १६ असलाच पाहिजे. पुढची बेरीज १४ किंवा १५ आली तरच काही नवे कळेल. ९ किंवा २२ आली तर ती चिठ्ठी फुकट गेली. आकडा पकडायला किती चिठ्ठ्या लागतात, ते दहा वेळा खेळून वहीत मांडून पाहा.