ड्रिलची बॅटरी बसली? सेल बदलण्याआधी चार्जर बघा

दिवाळीच्या आधी मामाचा फोन आला. मामा फर्निचरचं काम करतो. त्याच्या १२ व्होल्टच्या जुन्या कॉर्डलेस ड्रिलची बॅटरी चार स्क्रू मारले की मान टाकायची.

"अरे, इथला रिपेअरवाला म्हणतोय, याच डब्यात लिथियमचे सेल टाकून देतो. स्वस्तात काम होईल. घेऊ का करून?"

"आणि चार्ज कशावर करणार?"

"जुना चार्जर आहे की!"

मित्रांनो, खरा घोळ इथेच आहे. हा जुगाड खूप ठिकाणी चालतो, म्हणून नीट समजून घेऊया.

पॅकच्या आत काय असतं?

ड्रिलची बॅटरी म्हणजे एकामागे एक जोडलेले छोटे सेल. जुन्या ड्रिलमध्ये निकेल-कॅडमियमचे सेल असायचे. एक सेल १.२ व्होल्टचा, म्हणून १२ व्होल्टसाठी १० सेल. लिथियम-आयनचा एक सेल साधारण ३.६ व्होल्टचा, त्यामुळे तिथे ३ सेलमध्ये काम भागतं. तुमच्या मोबाईलमध्येही हीच लिथियमची जात असते.

सेल एका ओळीत असल्यामुळे एक जरी ढेपाळला, तरी अख्खा पॅक बसतो. म्हणून एकच सेल बदलून उपयोग नाही. नवा आणि जुने यांचं जमत नाही, थोड्या दिवसांत पुन्हा तेच.

जुना चार्जर का चालत नाही?

लिथियमचा सेल ४.२ व्होल्टला पूर्ण भरतो. तिथे थांबायलाच हवं. म्हणजे ३ सेलच्या पॅकसाठी १२.६ व्होल्ट ही लक्ष्मणरेषा. लिथियमचा चार्जर आधी ठरावीक करंट देतो, मग व्होल्टेज त्या रेषेवर धरून करंट कमी करत नेतो.

निकेल-कॅडमियमच्या चार्जरला ही रेषा माहीतच नसते. त्याचे १० सेल भरत आले की पॅक १४ व्होल्टच्या वर जातो, आणि त्याच्यासाठी ते नॉर्मल आहे. सेल तापला किंवा व्होल्टेज किंचित खाली आलं, की तो 'फुल' समजतो. साधे चार्जर तर तेवढंही बघत नाहीत, लावून ठेवले की चालूच.

आता याच चार्जरवर ३ लिथियम सेल लावले तर? १४ भागिले ३, म्हणजे प्रत्येक सेलवर साडेचारच्या वर व्होल्ट. सेल तापतो, फुगतो आणि पेटही घेऊ शकतो. पॅकमध्ये बीएमएस नावाचं संरक्षण सर्किट असेल तर ते सप्लाय तोडतं. पण तो शेवटचा पहारेकरी आहे, चार्जरचं काम त्याच्यावर सोडायचं नाही.

मग करायचं काय?

१. लेबल वाचा. निकेल-कॅडमियम असेल तर त्याच जातीचे सगळे सेल एकदम बदलून घ्या. ते सोल्डरने नाही, स्पॉट वेल्डिंगने जोडलेले हवेत, कारण सोल्डरच्या उष्णतेने सेल खराब होतो.

२. लिथियमवर जायचं असेल तर बॅटरी आणि तिचा चार्जर जोडीनेच घ्या. जुन्या ड्रिलला बसणारी जोडी मिळत नसेल, तर नवीन सेट घेतलेला बरा.

३. ड्रिल आधीच लिथियमचं असेल तर आधी दोष कुणाचा ते बघा. त्याच चार्जरवर दुसरी, तशीच बॅटरी लावा. ती चार्ज झाली तर चार्जर ठीक आहे. कॉन्टॅक्टवरची धूळ कोरड्या कपड्याने पुसा. बॅटरी कामावरून गरम आली असेल तर थंड होऊ द्या, बरेच चार्जर गरम बॅटरी घेतच नाहीत.

लेबलला फसू नका

'१८ व्होल्ट' आणि '२० व्होल्ट मॅक्स' यांत ताकदीचा फरक नाही. दोन्हींत ओळीने ५ सेलच असतात. पहिला आकडा सरासरी व्होल्टेजचा, दुसरा पूर्ण चार्ज झाल्यावरचा.

क्षमतेसाठी वजन बघा. नेहमीचा १८६५० सेल, म्हणजे १८ मिमी जाड आणि ६५ मिमी लांब, साधारण ४५ ग्रॅमचा असतो आणि फार तर ३.५ अँपिअर-अवर देतो. असे ५ सेल असलेल्या पॅकवर '६ अँपिअर-अवर' छापलं असेल तर ती थाप आहे. तेवढ्यासाठी १० सेल लागतील, म्हणजे नुसत्या सेलचंच वजन ४५० ग्रॅम. किचनचा वजनकाटा लगेच खरं सांगतो.

आणि जुना पॅक कचऱ्यात टाकू नका. कॅडमियम विषारी आहे आणि लिथियम कचऱ्याच्या गाडीत दबला तर पेटू शकतो. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटरीची जबाबदारी उत्पादकावर आहे. सर्व्हिस सेंटर किंवा ई-कचरा केंद्रात द्या.

मामाने शेवटी बॅटरी, चार्जर आणि ड्रिल असा नवा सेटच घेतला. वाचलेले पाचशे रुपये वर्कशॉपमधल्या प्लायच्या थप्पीपेक्षा मोठे नव्हते.