मुंबई ते न्यूयॉर्क : प्रवास नेमका किती तासांचा?

हल्ली मुलांकडे अमेरिकेला निघालेले आईवडील रक्तदाब, साखर तपासून घेण्यासाठी माझ्याकडे येतात. परवा एका निवृत्त गुरुजींनी तिकीट पुढे केले. मुंबईहून रात्री दोनला सुटायचे, त्याच तारखेला सकाळी साडेसातला न्यूयॉर्क. "साडेपाच तासच की हो डॉक्टर!"

तसे नाही. हिवाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते, उन्हाळ्यात साडेनऊ. सरळ हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. मध्ये कुठे न थांबणाऱ्या विमानालाही पंधरा-सोळा तास लागतात. त्यात गावाहून मुंबईपर्यंतचे सहा तास आणि विमानतळावरचे तीन तास मिळवा. म्हणजे जवळजवळ पंचवीस तास माणूस बहुतेक बसूनच!

चालताना पोटऱ्यांचे स्नायू आवळतात आणि पायातले रक्त वर ढकलतात. तासन्‌तास बसल्यावर हे काम मंदावते व खोल शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. ती सुटून फुप्फुसात अडकली तर जिवावर बेतते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली सांगितले, की चार तासांहून लांबच्या प्रवासात हा धोका साधारण दुप्पट होतो, मग ते विमान असो, बस असो वा रेल्वे. निरोगी माणसात तो तरीही सहा हजारांत एकाला, एवढाच. तेव्हा घाबरून तिकीट रद्द करू नये. परंतु पूर्वी गुठळी झालेली असेल, नुकतेच मोठे ऑपरेशन झाले असेल, कर्करोग असेल, तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. काहींना पोटरीवर दाब देणारे खास मोजे लागतात. शेजाऱ्याचे ऐकून ॲस्पिरिन घेऊ नये.

आपल्याकडे खिडकीची हौस फार, पण मागावी ती वाटेकडेची जागा. दर तासा-दोन तासांनी फेरी मारावी, बसल्या जागी टाचा-चवडे वरखाली करावेत. पुष्कळ बायका शौचालयाला उठावे लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत. विमानातील हवा अतिशय कोरडी असते. पाणी प्यावे, उठावे लागले तर बरेच. झोपेची गोळी घेऊन आठ तास एकाच कुशीवर पडणे मात्र टाळावे.

इन्सुलिन घेणाऱ्यांचा तो दिवस साडेनऊ-साडेदहा तासांनी लांबतो. डोस केव्हा व किती, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे. इन्सुलिन हातातल्या पिशवीतच ठेवावे. सामानाच्या कप्प्यात ते गोठून निकामी होऊ शकते.

पोहोचल्यावर दोन्ही पावले थोडी सुजतात, ती एक-दोन दिवसांत उतरतात. पण एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. एकाएकी दम लागला किंवा छातीत कळ आली, तर तडक रुग्णालयात जावे. हे दोन-तीन आठवड्यांनीही होऊ शकते, म्हणून तिथल्या डॉक्टरांना लांबच्या प्रवासाचे आवर्जून सांगावे.