सहावीतल्या तीन लिप्या

'दिवस' हा शब्द कागदावर नीट बघा. डावीकडून वाचत गेलं तर आधी पहिली वेलांटी लागते, मग 'द'. तोंडातून मात्र 'द्' आधी निघतो आणि 'इ' मागून येते. म्हणजे डोळ्याला एक क्रम दिसतो आणि जिभेला दुसराच पाळावा लागतो. ही उलटापालट आपण रोज शेकडो वेळा करतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. मेंदूला मात्र लागतो. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हिंदी वाचणाऱ्यांकडून असे शब्द वाचून घेतले होते. पहिल्या वेलांटीचे शब्द उच्चारायला किंचित जास्त वेळ लागतो, असं त्यांना दिसलं.

वाचन ही मुळातच अचंब्याची गोष्ट आहे. माणूस फार प्राचीन काळापासून बोलत आलाय, पण लिहायला लागून त्याला जेमतेम पाच हजार वर्षं झाली. एवढ्या थोड्या काळात वाचनासाठी मेंदूत नवा भाग तयार होणं शक्यच नव्हतं. फ्रेंच मेंदूशास्त्रज्ञ स्तानिस्लास दहेन यांचं म्हणणं असं, की चेहरे आणि वस्तू ओळखणाऱ्या जुन्या यंत्रणेतलाच डाव्या बाजूचा एक तुकडा आपण अक्षरांसाठी कामाला लावतो. जन्मतः तो वाचनाचा नसतो. प्रत्येक मुलाला आपल्या डोक्यात ही फेरजुळणी नव्याने करावी लागते. काही मुलांची ती सहज होते, काहींची फार कष्टाने. या दुसऱ्या मुलांच्या अडचणीला आपण डिस्लेक्सिया म्हणतो.

आता वेलचेरीला जाऊ. चेन्नईच्या दक्षिण भागातली, आयआयटी मद्रासच्या झाडीला लागून वाढलेली ही वस्ती. तरमणी आणि ओएमआर या रस्त्यावरच्या सॉफ्टवेअर कंपन्या इथून जवळ. समजा, पुण्याहून बदली होऊन एक मराठी कुटुंब इथे आलं आणि मुलगी सहावीत बसली. घरी मराठी, म्हणजे देवनागरी. शाळेचं माध्यम इंग्रजी, म्हणजे रोमन. आणि वर्गात, बसवर, दुकानांच्या पाट्यांवर तमिळ. तमिळनाडूत २००६ च्या कायद्याने शाळांत तमिळ शिकणं टप्प्याटप्प्याने सक्तीचं होत गेलं आणि २०१५-१६ पासून सीबीएसई शाळांनाही पहिलीपासून ते लागू झालं. मधल्याच इयत्तेत येणाऱ्या मुलासाठी काय नियम, हे शाळेत विचारून घ्यावं. काही झालं तरी तिसरी लिपी समोर येतेच.

ही तिसरी लिपी अशी, की तिचा हिशेब कळला की मन थक्क होतं. बारा स्वर, अठरा व्यंजनं आणि 'आय्तम' नावाचं एक वेगळं अक्षर. स्वर-व्यंजनांच्या जोडण्या धरून एकूण २४७ अक्षरं होतात. आपल्याकडे क, ख, ग, घ अशी चार अक्षरं आहेत, तिथे तमिळचं काम एकाच अक्षरात भागतं. 'कडल' म्हणजे समुद्र आणि 'मगन' म्हणजे मुलगा. यांतला 'क' आणि 'ग' एकाच अक्षराने लिहितात. शब्दाच्या सुरुवातीला ते 'क' वाचायचं, दोन स्वरांच्या मध्ये आलं की 'ग'कडे झुकवायचं, आणि 'अक्का'सारखं जोडून आलं की पुन्हा 'क'. ओकाराची खूण तर व्यंजनाच्या दोन्ही बाजूंना लागते, अर्धी आधी, अर्धी नंतर. आपल्या पहिल्या वेलांटीच्याही एक पाऊल पुढे! ज्या मुलीच्या डोक्यात एकाच लिपीची जुळणी मोठ्या मुश्किलीने होते आहे, तिला हे तिन्ही हिशेब एकदम सांभाळायचे असतात.

आणि हे अनेकदा सहावीत उघडं पडतं. चौथी-पाचवीपर्यंत हुशार मूल स्मरणशक्तीवर निभावून नेतं. धडा कानावर पडला की पाठ, चित्र बघून उत्तर तयार. सहावीपासून विज्ञान, इतिहास, भूगोल यांची जाड पुस्तकं येतात. तोवर मूल वाचायला शिकत असतं, आता वाचून शिकायचं असतं. तोंडी सगळं अचूक सांगणारी मुलगी लेखी परीक्षेत कोरी राहते आणि घरात सुरू होतं, 'लक्षच नाही तुझं.' हे वाक्य ऐकून ज्या मुलांनी पुस्तकं मिटली, त्यांच्यासाठी खरोखर जीव तुटतो. कारण दोष त्यांच्या मेहनतीत नव्हताच.

हे काही आजचं ज्ञान नाही. १८९६ साली इंग्लंडमधले डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये चौदा वर्षांच्या पर्सीची हकिकत छापली. खेळात तरबेज, बुद्धीने तल्लख, पण स्वतःचं नावही तो चुकीचं लिहायचा, अक्षरांची अदलाबदल करून. त्याच मुलाने ७४९ गुणिले ८६७ हा गुणाकार झटपट आणि बिनचूक केला. (उत्तर ६,४९,३८३. कागद-पेन्सिल घेऊन करून पाहा.) शिक्षण पूर्णपणे तोंडी असतं तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असं त्याला शिकवणाऱ्या मास्तरांचं मत होतं.

पर्सीला जे मिळालं नाही, त्यातलं बरंच आज चेन्नईत मिळतं. १९९१ पासून इथे 'मद्रास डिस्लेक्सिया असोसिएशन' काम करते आहे. त्यांचं 'अनन्या' केंद्र टी. नगरला आहे. तिथे मूल काही काळ नेहमीच्या शाळेबाहेर राहून शिकतं आणि मग शाळेत परततं. अक्षर डोळ्यांनी बघायचं, आवाजाने म्हणायचं, बोटाने गिरवायचं, असं एकाच वेळी अनेक इंद्रियांना कामाला लावणारी ही शिकवण्याची पद्धत आहे. आयआयटी मद्रासच्या परिसरात वाढलेल्या 'अवाझ' कंपनीने या संस्थेबरोबर एक वाचन-ॲपही केलं. अडलेला शब्द मूल दाबतं आणि ॲप त्याची फोड करून किंवा चित्राचा इशारा देऊन मदत करतं. सरकारी शाळांतल्या मुलांसाठी राज्याने २०२१ मध्ये 'इल्लम तेडी कल्वी' सुरू केलं. त्यात पहिली ते आठवीच्या मुलांना वस्तीतलेच स्वयंसेवक संध्याकाळी शिकवू लागले.

परीक्षेतला आधार कायद्याने दिलेला आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे डिस्लेक्सियासारख्या अडचणींचा, समावेश झाला. वाढीव वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट, हे त्याच्या सतराव्या कलमात स्पष्ट लिहिलेलं आहे. सीबीएसईच्या तीन तासांच्या पेपरला एक तास वाढीव मिळतो. या बाबतीत महाराष्ट्र पुढे होता. राज्य सरकारने १९९६ मध्येच अशा मुलांना सवलती दिल्या. बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित आणि कार्यानुभव घेण्याची मुभाही त्यांत होती.

मुलगी मराठी असेल तर तपासणी कोणत्या भाषेत करायची, हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. फक्त इंग्रजीत चाचणी घेतली, तर अडचण डिस्लेक्सियाची आहे की अपुऱ्या इंग्रजीची, हे कळत नाही. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने नंदिनी चॅटर्जी सिंह यांच्या पुढाकाराने 'डाली' ही चाचणीमालिका २०१५ मध्ये आणली, ती हिंदी, कन्नड, इंग्रजी आणि मराठीत. मराठीचा समावेश पहिल्याच खेपेला झाला, याचा मला मनापासून आनंद वाटतो. ती मुख्यतः पाचवीपर्यंतच्या मुलांसाठी आहे, त्यामुळे शंका आली की सहावीची वाट बघत बसू नये.

तमिळ पेपरातून सूट मिळाली तरी मुलीला मैदानावरची तमिळ सोडू देऊ नये, असं मला वाटतं. तिची अडचण लिपीशी आहे, कान तर शाबूत आहेत. अशी मुलं ऐकून भाषा उचलू शकतात, आणि वेलचेरीत मैत्रिणी जोडायच्या तर ती बोली लागणारच.

कागदपत्रांचं मात्र वेळेत बघावं. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रमाणपत्र आठव्या वर्षापासून देण्याची आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी करण्याची तरतूद होती; सध्याचा नियम काय, हे विचारून घ्यावं. चौदावं वर्ष साधारण आठवी-नववीत येतं, म्हणजे बोर्डाची नोंदणी होते त्याच सुमाराला. म्हणून सातवी संपता संपताच शाळेच्या विशेष शिक्षिकेला भेटावं आणि फेरतपासणीची तारीख घेऊन ठेवावी.